मागच्या काचेवरील जुनी फिल्म कशी काढावी?

प्रश्न : जुन्या गाडीच्या मागच्या काचेवरील काळी फिल्म सोलापूरच्या उन्हाने जांभळी पडून तिला फुगे आले आहेत, डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) तारांना धक्का न लावता ती कशी काढावी?

उत्तर १ : ब्लेड मुळीच लावू नये, कारण त्या तारा काचेच्या आतल्या बाजूवरच छापलेल्या असतात आणि एखादी खरवडली गेली की तेवढ्या पट्ट्यातले धुके हटत नाही. वाफेने कोपरा मऊ करून फिल्म तारांच्याच दिशेने सावकाश ओढावी. उरलेला गोंद साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने पुसावा. यालाच खरा वेळ लागतो.

उत्तर २ : वाफेची सोय नसल्यास काचेला बाहेरून काळी पिशवी चिकटवून, आतून फिल्म भिजवून गाडी उन्हात ठेवावी. मे महिन्यात आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

उत्तर ३ : बाजूच्या काचांना सहसा तारा नसतात; तेथे काच ओली ठेवून ब्लेड चालते.