निळू फुल्यांची भीती वाटायची का तुम्हाला?

गोदाकाठची
काल रात्री टीव्हीवर 'सामना' सिनेमा लागला होता. मी मेथी निवडत बसले होते. हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, पडद्यावर आला, तसा माझा हात आपोआप डोळ्यांकडे गेला. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि डोळे झाकायला निघाले!

कारण सांगते. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. जत्रेला सिनेमाचा तंबू लागायचा. बायका एकीकडे, बापे एकीकडे, मध्ये दोर. मी आजीच्या मांडीवर. निळू फुले पडद्यावर आले रे आले की आजी पदर माझ्या तोंडावर टाकायची. "नको बघू मेल्याकडं." त्यामुळे मी निळू फुल्यांना आधी ऐकलं, पाहिलं कितीतरी वर्षांनी. पदराला तपकिरीचा वास, आणि पदराच्या पलीकडून तो घोगरा, सावकाश आवाज. चेहरा दिसत नसल्यानं तो आवाज अगदी शेजारी बसून बोलतोय असं वाटायचं. आजी स्वतः मात्र टक लावून बघायची आणि शिव्या घालायची.

तुम्ही कुठे पाहिलंत त्यांना? काय आठवतं? लिहा सगळ्यांनी.

सिडकोवाला
भीती?? अजून वाटते.

द्राक्षबाग
ताई, तंबू म्हटल्यावर राहवेना. आम्ही उशिरा पोचलो की पडद्यामागे बसायचो. मागून सगळं उलटं दिसायचं. डावखुरा उजवा व्हायचा आणि नावं वाचता यायची नाहीत. मशीन एकच, रीळ संपलं की अंधार, मग बिड्या पेटायच्या. त्या अंधारात कुणीतरी निळूभाऊंचा आवाज काढायचा आणि बायकांच्या बाजूनं शिव्यांचा पाऊस. वरून शेंगांची टरफलं.

फवारणीला निघालोय, रात्री लिहितो.

पंचवटीची_सून
आमच्याकडे सासरे नकला करायचे. छान करायचे, पण मोठ्यानं ओरडून. मूळ माणूस ओरडतच नाही हो! सगळे नकलाकार तिथेच चुकतात. 'सामना' नीट बघा. हिंदुराव दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, किती अगत्यानं बोलतो. धमकी नाही, काही नाही. आणि तरी अंगावर काटा. मास्तर तेवढा एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नावर फुल्यांचा चेहरा बघा, हसू तसंच राहतं, फक्त डोळे बदलतात.

कुकर झाला. येते.

सिन्नरकर
'सामना' १९७५ चा. जब्बार पटेल दिग्दर्शक, लेखन विजय तेंडुलकरांचं. मास्तर डॉ. श्रीराम लागू. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता हा सिनेमा. तेव्हा मी सातवीत.

गोदाकाठची
@सिन्नरकर काका, सातवीत समजला का पण?

सिन्नरकर
नाही समजला. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' तेवढं पाठ झालं. समजला नोकरीला लागल्यावर.

कांदाचाळ
माझी गोष्ट जरा वेगळी आहे. वडील साखर कारखान्यात कारकून होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले एक पुढारी हुबेहूब हिंदुराव. पांढरं शुभ्र धोतर, हसतमुख, सगळ्यांच्या लग्नाला हजर, आहेर स्वतःच्या हातानं द्यायचे. वडिलांनी एकदा वजनकाट्याच्या हिशेबावर एक टीप लिहिली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ घरी चहाला आले. आईला वहिनी म्हणाले, माझ्या हातात पेढा ठेवला, "पोरगं हुशार आहे, शिकवा" म्हणाले. पुढच्या महिन्यात वडिलांची बदली दूरच्या गटाला. रोज सायकलनं चौदा मैल.

वडिलांनी 'सामना' पाहिला तो नंतर, नाशिकला, मला घेऊन. मध्यंतरात बाहेर आले ते परत आत गेलेच नाहीत. रस्त्यावर उभे राहून म्हणाले, "ह्या माणसाला कसं ठाऊक, पेढा कसा देतात ते?"

मी आजवर हे कुठे लिहिलं नव्हतं.

पंचवटीची_सून
दादा. काय बोलू. वडील आहेत का?

कांदाचाळ
नाहीत ताई. ९८ ला गेले.

सातपूर_एमआयडीसी
🙏

जुना_नाशिककर
कुठल्या टॉकीजला पाहिला हो? विजयानंद का?

कांदाचाळ
बहुतेक. मेनरोडवरून चालत गेलो होतो एवढं पक्कं.

जुना_नाशिककर
मग चित्रमंदिरही असेल. आम्ही खेळ सुटला की भद्रकालीत भेळभत्ता घेऊन घाटावर जायचो. पाण्यात पाय सोडून अख्ख्या सिनेमाची उजळणी. मी आणि माझा मित्र, एकानं निळूभाऊ व्हायचं, दुसऱ्यानं लागू. मला कायम लागूच व्हावं लागायचं, कारण त्याचा आवाज बसका होता.

ओझरची
आमच्या आईचा निळू फुल्यांवर फार जीव. सगळी चाळ शिव्या घालायची, ती म्हणायची, अगं तो माणूस पुण्याला माळी होता, झाडं लावणारा माणूस वाईट कसा असेल. खरंच होते ते माळी, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत. राष्ट्र सेवा दलातले. लोकनाट्यातून पुढे आले, 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजलं, आणि १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा. तिथून खलनायकाचा शिक्का बसला.

आई तुळशीला पाणी घालताना हे सगळं सांगायची, देवाची कहाणी सांगावी तशी.

सिडकोवाला
झेलेअण्णा 😄 आमच्या एका मामांना सगळे झेलेअण्णाच म्हणतात. त्यांचं खरं नाव मला दहावीला कळलं, पत्रिकेवर.

ओझरची
कसली पत्रिका?

सिडकोवाला
त्यांच्याच मुलीच्या लग्नाची. गंगापूर रोडला होतं. जेवण झकास, मठ्ठा अजून आठवतो.

तरुण_नाशिक
मी २००१ चा जन्म. मला फक्त रील्समधले निळू फुले माहिती होते. लॉकडाऊनमध्ये बाबांनी 'सिंहासन' दाखवला. मी खलनायक कोण ते शोधत बसलो आणि निळू फुले तर पत्रकार! दिगू टिपणीस. सगळं बघतो, टिपून घेतो, काही करू शकत नाही. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. मी तेव्हा पत्रकारितेला प्रवेश घ्यायचा की नाही या विचारात होतो. त्या रात्री झोप नाही लागली.

सिन्नरकर
मग घेतलास का प्रवेश?

तरुण_नाशिक
घेतला काका. आता तालुक्याच्या बातम्या करतो. पाणी, कांद्याचे भाव, बिबट्या.

गोदाकाठची
शाब्बास रे बाळा.

द्राक्षबाग
बिबट्याचं लिहीत जा जरा जास्त. आमच्या मळ्यात परवा पुन्हा ठसे. वनखात्याला कळवलं, पिंजरा मागितलाय.

सिडकोवाला
'पिंजरा'! १९७२. त्यातही होते निळूभाऊ 😄

द्राक्षबाग
हसू नका हो, वासरू नेलंय.

सिडकोवाला
अरे अरे. माफ करा भाऊ. काळजी घ्या, रात्री एकटे जाऊ नका पाणी धरायला.

जुना_नाशिककर
@तरुण_नाशिक 'सिंहासन' १९७९, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. पण माझ्या मनात आजही दिगूच. चार वर्षांपूर्वी ज्याला बघून लोक दात-ओठ खायचे, तोच माणूस खांद्याला झोळी अडकवून उभा राहतो आणि आपल्यातला वाटतो. नुसता आवाज खाली आणला म्हणून हे होत नाही. चालणंच बदललं होतं त्यांनी. हिंदुराव जमीन आपलीच आहे असं चालतो. दिगू वाट देत देत चालतो.

पंचवटीची_सून
वाट देत देत... किती खरं.

सातपूर_एमआयडीसी
शिफ्ट सुटली आता. 'सारांश' कुणीच नाही लिहिला? १९८४. त्यातला गजानन चित्रे निळूभाऊच. हिंदी बोलतात, पण माणूस आपल्याच वॉर्डातला. कंपनीतल्या उत्तरेकडच्या मित्राला दाखवला तर म्हणाला, हा कलाकार कोण, आमच्या गावचा सरपंच आहे हा. मी त्याला मग 'सामना' दाखवला, वाक्य न् वाक्य अर्थ सांगत. आम्हाला चार तास लागले. संपल्यावर तो गप्प. मग म्हणाला, मारुती कांबळे आमच्याकडे पण आहे.

सिन्नरकर
अजून एक लिहितो आणि थांबतो. 'सखाराम बाईंडर' नाटक, निळूभाऊ त्यात सखाराम. माझ्या थोरल्या भावानं ते पाहिलं होतं. घरी सांगायची हिंमत नव्हती, महिनाभर तिकीट पाकिटात लपवलेलं. वडिलांना सापडलं. भावाला वाटलं, आता मार. वडिलांनी विचारलं, "कसं काम करतो?" भाऊ म्हणाला, "भीती वाटते, आणि नंतर त्याचीच कीव येते." वडिलांनी तिकीट परत दिलं. ते अजून आहे भावाकडे.

ओझरची
@गोदाकाठची ताई, आजीचं राहिलं की. आजीनं कधी माफ केलं का त्यांना?

गोदाकाठची
आत्ता आवरलं सगळं, लिहिते.

१३ जुलै २००९. आजी तेव्हा नव्वदीच्या आसपास, नाशिकला आमच्याकडेच. नजर अधू झालेली. टीव्हीवर बातमी चालू होती, पुण्याला निळू फुले गेले. मी आवाज कमी करायला उठले, तर तिनं हात धरला. बातमीत मध्ये मध्ये त्यांच्या सिनेमांचे तुकडे लावत होते. तोच घोगरा आवाज. आजीनं मान वळवली, नीट ऐकलं.

"हा तोच ना गं?"

"हो आजी. गेले आज."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गेला का गं मेला." आणि पदर डोळ्याला लावला.

त्या रात्री ती जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

कांदाचाळ
ताई.

द्राक्षबाग
आईला वाचून दाखवलं हे सगळं. ती म्हणते, तिच्या आईनंपण असाच पदर टाकला होता तिच्या तोंडावर. उद्या सविस्तर लिहितो, आता पाणी धरायला जायचंय. दोघं जातोय, काळजी नको.