‘लॉस’ला तोटा म्हणावं की गळती?

झिरोमाइल: नागपुरात सीताबर्डीतल्या एका प्रकाशकाकडून अनुवादाचं काम आलंय. महासंगणकाच्या चिपमध्ये तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशाने डेटा पाठवायचा आणि चिप घडवायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये त्याचं मॉडेल करून बघायचं, असा विषय. वाटेत प्रकाश कमी होत जातो, त्या ‘लॉस’वर गाडी अडली. मी ‘तोटा’ लिहिलं, तर समासात शेरा आला, “हे किराणा दुकान नाही.” त्यांनी सुचवलेला ‘क्षय’ वाचला की मला थुंकीची तपासणी आठवते.

धरमपेठकर: शेरा योग्य आहे. ‘ऱ्हास’ घ्या.

लाइनमन_निवृत्त: काहून एवढं डोकं लावून राहिले? आम्ही अख्खी नोकरी ‘गळती’ म्हणत काढली. वीजगळती शाळकरी पोरालाही समजते.

मुक्ता: काका, गळती म्हटलं की तारेवर टाकलेला आकडा डोळ्यांसमोर येतो. इथं चोर कोणी नाही. मी हेच सिम्युलेशन करते. सिलिकॉनची प्रकाशवाहिनी वळते तिथे थोडा प्रकाश बाहेर पडतो, ती खरी गळती. पण भिंती खडबडीत असतात म्हणून तो विखुरतोही, आणि दोन वाहिन्या छेदतात तिथे आणखी जातो. हे सगळं डेसिबलमध्ये मांडून वाटेभर बेरीज करायची. ३ डेसिबल गेले की जवळपास निम्मा प्रकाश गेला, १० गेले की दहावा हिस्सा उरला. पलीकडच्या डिटेक्टरला किमान लागतो त्यात ही बेरीज मिळवली की लेसर केवढा हवा ते कळतं. मी ‘घट’ म्हणेन. लॅबमध्ये मात्र सगळे ‘लॉस’च म्हणतात.

धरमपेठकर: लॅबमध्ये म्हणतात म्हणून छापायचं? मग सावरकरांचे ‘महापौर’, ‘दिनांक’ रुजलेच नसते. आणि ‘मॉडेल’ काय? प्रतिमान!

तर्रीबाज: दिनांक फॉर्मवर रुजला. घरी ‘आज तारीख काय’ असंच विचारता नं?

मुक्ता: प्रतिमान चालेल हो. माझी अडचण वेगळीच. चिपवरची सूक्ष्म कडी ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश उचलते, आणि तापली की ती तरंगलांबी सरकते. एका अंशाला नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी कमी. शेजारचा प्रोसेसर तापला तरी कडीचा नेम चुकायला तेवढं पुरतं. हे धरलं नाही तर मॉडेलमध्ये सगळं गोड आणि चिपवर बोंब. या सरकण्याला एकाने ‘विस्थापन’ लिहिलं होतं. विदर्भात विस्थापन म्हटलं की गोसीखुर्द धरण आठवतं!

तर्रीबाज: मे महिन्यात आमचंही सरकतेच.

झिरोमाइल: माझ्या ‘तोट्या’चं कोणी बोलेल का? ‘संत्र्यांना तोटा नाही’ म्हणतो तेव्हा कुठे पैशांचा हिशेब असतो?

लाइनमन_निवृत्त: तोटा आला ‘तोटी’वरून. नळाची तोटी गळली की तोटा. म्हणजे तुमचं-माझं एकच.

धरमपेठकर: काहीतरीच! ‘तुटणे’वरून. तुटवडा बघा.

तर्रीबाज: मग दिवाळीला महाल भागात आम्ही तोटे फोडत होतो ते कशावरून?

लाइनमन_निवृत्त: ते तोटे निराळे. आणि आताची पोरं सुतळी बॉम्बला तोटा म्हणतात, ते तर साफ चूक आहे.