अनुभव धागा: अडचणीसाठी साठवलेलं सामान ऐन वेळी चाललं का?

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी माळ्यावरची पिशवी खाली काढते. यंदा बिस्किटांत झुरळं निघाली, ओआरएसच्या पुड्यांची मुदत कधीच उलटलेली. भरून सगळेच ठेवतो, पण टिकतं का? तुमच्याकडे काय बिघडलं, काय तगलं, सविस्तर लिहा.

चिपळूण
२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी जिना चढत होतं, वीज गेलेली. बॅटरी हाताशी होती, पण पेटेना. झाकण कसंबसं फिरवलं, तर सेल गळून स्प्रिंगवर पांढरा खर साचलेला. वर्षभर सेल आतच होते. मोबाइलच्या उजेडात सासूबाईंना वर नेलं आणि थोड्या वेळात तोही मान टाकून बसला. आता सेल बाहेर काढून छोट्या पिशवीत घालते, पिशवी बॅटरीलाच बांधलेली. डोळे मिटून सेल घालायचा सराव मुलांकडून करून घेतलाय. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज करते, तारीख कॅलेंडरवर लिहून.

श्रीवर्धन
निसर्ग वादळात, जून २०२० ला, मेणबत्त्या ढीगभर होत्या. काड्या सगळ्या सादळलेल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवल्या होत्या, पण आमच्याकडची दमट हवाही त्यात कोंडली गेली. आता उन्हाळ्यातच काचेच्या बरणीत भरतो, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी.

सांगली
ताई, सेलचं अगदी पटलं. माझी चूक औषधाची. २०१९ च्या पुरात वीज जाणार हे कळल्यावर आईचं इन्सुलिन फ्रीजरमध्ये टाकलं, जास्त वेळ गार राहील म्हणून. गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बहुतेक इन्सुलिन तीस अंशांच्या आतल्या तापमानात जवळपास चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे नुसतं कपाटात ठेवलं असतं तरी आईचे ते दोन दिवस असे गेले नसते. आपल्या बाटलीचं नेमकं काय, ते पावसाआधीच विचारून ठेवा.

किल्लारीजवळून
१९९३ च्या भूकंपात आमचं माळवद बसलं. धान्य, कपडे, औषधं, सगळं घरातच होतं, म्हणजे ढिगाऱ्याखाली. तेव्हापासून एक पत्र्याची पेटी अंगणातल्या छपरात असते.

धागाकर्ती
सांगलीकर, बाबांच्या दोन बाटल्या आत्ता बर्फाच्या कप्प्याला टेकून आहेत. आधी त्या फ्रीजच्या दारात ठेवून येते.