डोपिंगच्या केसमध्ये बी सॅम्पल तपासायच्या आधीच खेळाडूचं नाव बाहेर काढायचं का? कबड्डीवाल्यांनी बोला

पकड_मास्तर, चिपळूण:
काल एकाने इथे लिहिलं, 'तात्पुरत्या निलंबनाच्या यादीत नाव आलं म्हणजे तो दोषीच, गावाने त्याचा बॅनर त्याच दिवशी उतरवावा.' डोकं फिरलं वाचून. अरे, यादी म्हणजे निकाल नव्हे! एकाच नमुन्याच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात, ए सॅम्पलमध्ये काही सापडलं तरी बी उघडायला सांगायचा हक्क खेळाडूला असतो, मग सुनावणी, मग अपील. वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, नियमात नाव जाहीर करायची सक्ती आहे ती अंतिम निर्णयानंतर, २० दिवसांत. त्याआधी देता येतं, पण द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि आपल्याकडे नाव एकदा पेपरात आलं की अख्ख्या वाडीत त्या पोराच्या आईला बाहेर पडणं मुश्किल, सुटला तर बातमी चार ओळींची.

देवगडकर:
आणि झाकून ठेवल्यावर काय होतं? विरारच्या पृथ्वी शॉचं बघा. सॅम्पल २२ फेब्रुवारी २०१९ चं, मधे पूर्ण आयपीएल खेळला, आणि ८ महिन्यांची बंदी लोकांना कळली ३० जुलैला, तीही मार्चपासून मोजलेली. चीनचे २३ जलतरणपटू २०२१ मध्ये सापडले, जगाला कळलं २०२४ मध्ये. लोक संशय घेणारच ना.

रापणकार, मालवण:
शॉच्या केसमधी खोकल्याचा औषधच होता मरे, टर्ब्युटालिन! तेच्यार कोण बोलणत नाय. माझ्या भाच्याक कॅम्पच्या आधी खोकलो झालो, डॉक्टरान बाटली दिल्यान, तेच्यात ह्याच औषध. नशीब, एका सीनियर पोरान लेबल वाचल्यान. कॅम्पात इंग्रजी पीडीएफ वाटलेली, ती कोणाक कळली?

पकड_मास्तर:
हेच तर! दम्याचा सालब्युटामोलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, टर्ब्युटालिनचा पंप मात्र टीयूई, म्हणजे उपचारासाठीची खास परवानगी, घेतल्याशिवाय चालत नाही. हा फरक मराठीत पोरांना कोण सांगतं? पकडल्यावर प्रेसनोट काढायला सगळे पुढे.

जिमखाना_रोहा:
खोकला खोकला काय लावलंय? आमच्याकडे पोरं जिममधून पावडरचे डबे उचलतात, बिल नाही, लेबल अर्धं फाटलेलं, आणि कोचच सांगतो घे म्हणून. औषधाच्या नावाखाली सगळ्यांना साधू बनवू नका.

रापणकार, मालवण:
साधू कोण म्हटल्यान? माझ्या भाच्याक तू चोर ठरवतंस काय?

जिमखाना_रोहा:
तुमच्या भाच्याचं नाव कुठे घेतलं मी? शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियमच आहे. कोचला हात लागत नाही याचा मला राग आहे.

देवगडकर:
कोचचं पटलं. पण मूळ मुद्दा सोडू नका. केस चालू असताना तपशिलावर डोपिंगविरोधी एजन्सीने बोलायचं नसतं, खेळाडू किंवा त्याची माणसं जाहीर बोलली तरच उत्तर देता येतं. म्हणून नाव येतं आणि पुढे महिनोन्महिने शांतता, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निकाल लागलेला असतो. निदान यादीसोबत तीन ओळी मराठीत द्या: काय सापडलं, बी बाकी आहे का, सुनावणी झाली का.

पकड_मास्तर:
तीन ओळी देणार असाल तर नाव द्या, तेवढं मान्य. पण १८ खालच्या पोरांचं नाही. तिथे तर अंतिम निर्णयानंतरही नाव द्यायची सक्ती नाही, आणि बॅनर उतरवा म्हणणाऱ्याने आधी ते वाचावं.

जिमखाना_रोहा:
१८ खालच्यांचं ठीक. पण डबा देणाऱ्या कोचचं नाव आलंच पाहिजे, यावर मी हटणार नाही.