बोका की राल्फ? एका तासात तुलना कशी घ्यावी?

कृष्णाकाठ: साताऱ्यात नववीच्या वाचनगटात 'द पॉल स्ट्रीट बॉइज' (१९०७; खेळाच्या मैदानासाठी लढणारी शहरातली मुलं) आणि 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४; निर्जन बेटावर अडकलेली मुलं) या कादंबऱ्यांतल्या म्होरक्यांवर, म्हणजे पहिलीतला बोका आणि दुसरीतला राल्फ यांच्यावर, चर्चा घ्यायची आहे. कुठले प्रसंग घेऊ?

अजिंक्यतारा: निवडणूक घ्या. बोकाला ११ मतं, त्याच्या विरोधातल्या गेरेबला ३. राल्फला मतं मिळतात ती शंखामुळे (तो फुंकूनच त्यानं सगळ्यांना जमवलेलं असतं) आणि दिसण्यामुळे. त्याच्या विरोधातल्या जॅकमागे फक्त त्याची गायकमंडळी. मग मुलांना विचारा, हरलेल्याचं काय केलं? राल्फ मन राखायला ती टोळी जॅककडेच ठेवतो, शिकारी म्हणून. तिथंच पाणी मुरतं. पुढे जहाजांना दिसावा म्हणून पेटवलेला जाळ राखणाऱ्या पोरांना जॅक शिकारीला नेतो, आग विझते आणि जहाज तसंच निघून जातं. हे पान मोठ्यानं वाचा.

माहुलीकर: सहमत. पण बोकाला संत करू नका हं! त्याच्या सैन्यात सगळे अधिकारी, साधा शिपाई एकटा नेमेचेक. भिजून आजारी पडतो तोही तोच. फितूर गेरेबला बोका परत घेतो, हे मात्र राल्फला कधी जमलं नसतं. आणि बोकाची पोरं संध्याकाळी घरी जातात, बेटावर मोठं माणूसच नाही. हा फरक आधी सांगा, नाहीतर मुलं राल्फला उगाच नापास करतील.