कार सीट फुकट किंवा स्वस्तात कुठे मिळेल? (ब्लॅक्सबर्ग, व्हर्जिनिया)

घाटावरची

नमस्कार मंडळी. आम्ही ब्लॅक्सबर्गला असतो, नवरा व्हर्जिनिया टेकमध्ये पीएचडी करतोय. मला बत्तिसावा आठवडा चालू आहे, तारीख जानेवारीतली. मी एफ-२ वर आहे, म्हणजे विद्यार्थ्याच्या बायकोच्या व्हिसावर, त्यामुळे मला नोकरी करता येत नाही आणि घर त्याच्या स्टायपेंडवर चालतं. पाळणा, झबली, दुपटी, सगळ्याची सोय झाली. आई साताऱ्याहून येतेय. अडलंय ते बाळाला गाडीत बांधून बसवायच्या कार सीटपाशी. हॉस्पिटलच्या क्लासमध्ये नर्स म्हणाली की गाडीने घरी जाणार असाल तर सीट आधीच लावून ठेवा. दुकानात बघायला गेलो तर पहिल्याच सीटवर ३०० डॉलरची चिठ्ठी. तसेच परत आलो.

आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब कायमचं भारतात परत चाललंय, ते त्यांची सीट फुकट देतायत. त्यांची दोन्ही मुलं त्याच सीटमध्ये वाढली. फेसबुक मार्केटप्लेसवर एक ४० डॉलरला दिसतेय, फोटोत तर नवीकोरी वाटते. भाऊ म्हणतो पुण्यातून घेतो आणि आईबरोबर पाठवतो. आमची गाडी २०११ची कोरोला. इथे गरजूंना फुकट सीट देतात असं ऐकलंय, ते खरं आहे का? कोणी घेतलीय का?

आणि आईचं म्हणणं, "एवढंसं बाळ, मी घेऊन बसेन की मांडीवर." तिला काय सांगू?

खाऊगल्ली

आम्ही एडिसनला होतो तेव्हा मार्केटप्लेसवरूनच घेतली होती. ३५ डॉलर. कव्हर, पट्टे सगळं काढून मशीनला लावलं, उन्हात वाळवलं, काम झालं. पोरगा आता शाळेत जातो. इथे प्रत्येक गोष्टीत घाबरवतात हो, फार मनावर घेऊ नका.

रिचमंडची मावशी

खाऊगल्ली, काही झालं नाही कारण तुमचा अपघात झाला नाही. सीटची परीक्षा रोज नसते. आणि पट्टे मशीनला लावलेत? पट्टे ओल्या फडक्याने पुसायचे असतात. मशीनमध्ये आणि कडक साबणात त्यांचा धागा कमकुवत होतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, पण सेकंडहँड सीटबरोबर मॅन्युअल येतं कुठे.

घाटावरची, अभिनंदन! मी ग्लेन ॲलनला राहते आणि सीट तपासायचं काम करते. रीतसर कोर्स करून सर्टिफाइड टेक्निशियन झालेय, पगार काही नाही. लोकांच्या मागच्या सीटवर गुडघा टेकून पट्टे ओढायचे, हा माझा शनिवारचा उद्योग. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फुकट सीट मिळते. व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याचा त्यासाठी कार्यक्रमच आहे, लो इन्कम सेफ्टी सीट डिस्ट्रिब्यूशन अँड एज्युकेशन प्रोग्रॅम. लिसडेप म्हटलं की कळतं. त्याला पैसा कुठून येतो ते ऐक. मुलाला सीटशिवाय गाडीतून नेलं की या राज्यात ५० डॉलर दंड होतो. तो दंड एका वेगळ्या निधीत जमा होतो आणि त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सीट घेतल्या जातात. सरकारी कामात इतका सरळ हिशोब मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अटी अशा. राहणं व्हर्जिनियात हवं. उत्पन्न मर्यादेत हवं, म्हणजे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), फॅमिस (व्हर्जिनियाचा तसाच विमा, मुलं आणि गरोदर बायकांसाठी) किंवा विक (गरोदर बायका आणि लहान मुलांना खाण्यापिण्याची सरकारी मदत) यांपैकी कशात तरी तुम्ही बसायला हवं. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत अर्ज करता येतो, तू आत्ता त्यातच आहेस. आणि सीट लावायची-वापरायची कशी, त्या क्लासला बसायचं. क्लास चुकवून सीट मिळत नाही आणि मला विचारशील तर निम्मी किंमत त्या क्लासचीच आहे. उद्याच तुमच्या काउंटीच्या आरोग्य विभागाला फोन कर. क्लासच्या तारखा पुढे जातात आणि बाळं काही तारीख पाहून येत नाहीत.

हँडल असलेली, बाळासकट उचलून घरात नेता येते ती सीट, आम्ही तिला बादली म्हणतो, इथे बहुधा मिळणार नाही. मिळते ती कन्व्हर्टिबल. ती गाडीतच राहते, आधी बाळाचं तोंड मागे करून आणि मोठं झालं की पुढे करून वापरायची. त्यात कमीपणा काही नाही. बादली वर्षभरात लहान पडते आणि मग कन्व्हर्टिबल घ्यावीच लागते, म्हणजे दोनदा खर्च. फक्त एक बघायचं. बऱ्याच कन्व्हर्टिबलची खालची मर्यादा ५ पौंड असते, म्हणजे साधारण सव्वादोन किलो. आपल्याकडची बाळं अडीच-पावणेतीनची असतात, तेव्हा बहुतेक अडचण येत नाही. पण पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा त्याच्या खालच्या भोकातून यायला हवा, वरून आलेला चालत नाही. लहान बाळ अंगाने बारीक असेल तर सगळ्यात खालचं भोकही वर पडू शकतं. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी आलं तर बरीच हॉस्पिटलं त्याला सीटमध्ये बसवून श्वास आणि ऑक्सिजन तपासतात, मगच घरी सोडतात. म्हणून सीट वेळेत घरी असलेली बरी.

उत्पन्नात बसला नाहीत तरी ३०० डॉलर घालवू नकोस. वॉलमार्टमध्ये कॉस्को नावाच्या सीट बनवणाऱ्या कंपनीची सीनेरा नेक्स्ट ही सीट शंभराच्या बरीच खाली मिळते. इथे विकायला ठेवलेल्या प्रत्येक सीटला एकच फेडरल मानक लागू आहे, क्रमांक २१३. स्वस्त सीटला वेगळी, सोपी परीक्षा नसते. जास्तीचे पैसे जातात ते मऊ गादी, कप ठेवायची जागा, पट्टा सहज वरखाली करायची सोय यात. ही सीट वजनाला इतकी हलकी की आई एका हाताने उचलेल, आणि विमानातही चालते. पुढे साताऱ्याला जाताना उपयोगी पडेल.

शेजाऱ्यांची सीट मी एकदम नाही म्हणणार नाही. ती उलटी करून खालचं लेबल बघ. बनवल्याची तारीख असेल, बऱ्याच सीटवर एक्स्पायरीही छापलेली असते. साधारण ६ ते १० वर्षं आयुष्य असतं. दोन मुलं वाढली म्हणजे बरंचसं सरलेलं असणार. मुदत असेल तर शेजाऱ्यांना सरळ विचार, ही सीट गाडीत असताना अपघात झाला होता का? नुसता ओरखडा असेल तर चालतं, पण त्यातही पाच गोष्टी बघतात. गाडी स्वतः चालत निघाली, सीटजवळच्या दाराला काही झालं नाही, कोणाला लागलं नाही, एअरबॅग फुटली नाही आणि सीटवर चीर-तडा नाही. पाचही जुळल्या तरच वापरायची. मॉडेल नंबर घेऊन एनएचटीएसएच्या, म्हणजे इथल्या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल आहे का, म्हणजे दोष निघाल्याचं कंपनीने जाहीर केलंय का, तेही बघ. समोरचा माणूस ओळखीचा असेल आणि खरं सांगत असेल तर जुनी सीट चांगलीच. मार्केटप्लेसवरचा माणूस खरं सांगतोय की नाही हे कळायला काही मार्ग नाही. नवीकोरी दिसते म्हणजे कव्हर धुतलंय, एवढंच.

पुण्याची सीट मात्र अजिबात नको. आपल्याकडे मिळणाऱ्या सीट युरोपातल्या मानकाच्या असतात. सीट चांगलीही असेल, पण अमेरिकन मानकाचं लेबल नसेल तर ती इथे कायद्यात बसत नाही, कोणी टेक्निशियन तपासूनही देणार नाही. भावाला म्हणावं, त्या पैशांत बाळंतविडा पाठव.

आईला सांग, ताशी पन्नास किलोमीटरच्या धडकेत तीन किलोचं बाळ क्षणभर साठ-सत्तर किलोच्या जोराने हातातून निसटतं. तेवढी पकड कोणाच्याच हातात नसते, आजीच्या सुद्धा. कायदा फक्त इथलाच नाही हेही सांग. भारतातही २०१९च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर १००० रुपये दंड आहे. साताऱ्यात कोणी अडवत नाही ही गोष्ट वेगळी.

घाटावरची

मावशी, किती नीट सांगितलंत! शेजाऱ्यांची सीट उलटी करून पाहिली, २०१५ची निघाली आणि खाली मुदत ७ वर्षं छापलीय. म्हणजे ती गेली. भावालाही कळवलं.

आता अजून दोन शंका. विकचा फॉर्म भरला तर उद्या ग्रीन कार्डला अडचण येईल का? नवऱ्याच्या लॅबमधले लोक म्हणतात सरकारी मदत घेऊच नका. आणि तारीख ऐन थंडीतली, आईने कुंची शिवून आणलीय, आतून अस्तर लावून. बाळाला कुंची घालून सीटमध्ये ठेवलं तर चालेल ना?

डॅलसवाली

मध्येच लिहिते. आमच्या टेक्ससमध्येही आरोग्य खात्याचा सेफ रायडर्स म्हणून असाच प्रकार आहे, क्लास आणि सीट. इथलं कोणी वाचत असेल तर चौकशी करा.

शेजाऱ्यांची सीट लगेच कचऱ्यात टाकू नकोस. टार्गेट साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये जुन्या सीट परत घेतं, मोडकी, मुदत संपलेली, कुठलीही चालते. बदल्यात नव्या सीटवर किंवा स्ट्रोलरवर २० टक्के सूट मिळते. तुझ्या जानेवारीला ते उपयोगाचं नाही, पण कपाटात जागा असेल तर ठेवून दे.

आणि डोहाळजेवण आहे का तिकडे? माझ्या डोहाळजेवणाला चांदीच्या वाट्या आणि वाळे इतके आले की एक वाटी एका तारखेला वापरली तरी महिना निघेल. जावेच्या वेळी आम्ही शहाणे झालो. आठ घरांनी पंधरा-पंधरा डॉलर काढले आणि सीट घेऊन तिच्या ओटीत ठेवली. ओटी म्हणजे पदरात मावली नाही, शेजारी ठेवली. ब्लॅक्सबर्गला मराठी विद्यार्थ्यांचा ग्रुप असेलच, एकीने पुढाकार घेतला तर होतं. आपल्याला मागायला लाज वाटते आणि देणाऱ्याला काय द्यावं कळत नाही.

रिचमंडची मावशी

डॅलसवाली, वाट्यांचं अगदी खरं. माझ्याकडेही आहेत.

घाटावरची, व्हिसाचं मी वकील म्हणून सांगत नाही. विकमध्ये इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत आणि आजवर विक पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे ग्रीन कार्ड देताना 'हा माणूस सरकारवर भार होईल का' हे बघतात त्यात, धरलेलं नाही. नियम बदलतात, म्हणून युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घे. लॅबमधल्या ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नकोस आणि सोडूही नकोस. तुमच्यासारखी कितीतरी पीएचडीची कुटुंबं विकमध्ये असतात, दूध-अंडी-डाळीला मदत होते. शिवाय जुलै २०२१ पासून व्हर्जिनियात फॅमिस प्रीनेटल म्हणून एक योजना आहे, गरोदरपणाच्या खर्चासाठी. तिलाही इमिग्रेशनचा दर्जा आड येत नाही, उत्पन्न तेवढं बघतात. फोन करशील तेव्हा तीही विचार. बऱ्याच ठिकाणी त्यांनी आपणहून सांगावं अशी वाट बघत बसतात लोक, आणि ते सांगत नाहीत.

कुंचीचं बरं झालं विचारलंस. अस्तराची कुंची, जाड जॅकेट, फुगीर स्वेटर, यातलं काहीही पट्ट्याच्या आत नको. धडकेत ते कापड चेपतं, पट्टा सैल पडतो आणि बाळ वर सरकतं. दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलं तर मधला पट्टा पायांमधून जातच नाही. साधं झबलं आणि पातळ पायजमा घालायचा, पट्टे लावायचे, खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत येत असेल तर आणखी ओढायचा. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत, पोटावर नाही. मग वरून हवं तेवढं पांघरूण घाल, कुंची उलटी करून पायांवर घाल. आजीचा मानही राहील. गाडी पाच मिनिटं आधी सुरू करून गरम करून ठेवा.

घाटावरची

कुंची पायांवर, हे आईला पटलं! आरोग्य विभागाशी बोलले, कागद पाठवायला सांगितलेत, क्लासची तारीखही दिलीय, ती पस्तिसाव्या आठवड्यात येते. क्लासमध्ये सीट ते लावून देतील ना? आणि आई तोवर आलेली असेल, तिला बरोबर नेलं तर चालेल? तिला इंग्रजी येत नाही.

रिचमंडची मावशी

लावून देणार नाहीत, तुमच्याकडून लावून घेतील. आम्ही फक्त शेजारी उभं राहून टोकतो. घरी तुम्हालाच काढून परत लावावी लागणार ना, गाडी गॅरेजला दिली की किंवा कोणाच्या गाडीतून जायची वेळ आली की. म्हणून नवऱ्याला नक्की ने. तुमच्या कोरोलात मागे खाली लॅचच्या कड्या आहेत, त्यांत सीटचे हुक अडकतात. एकतर ते वापरायचे नाहीतर गाडीचा सीटबेल्ट, दोन्ही एकदम लावायचे नाहीत. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची, एक इंचाहून जास्त हलली तर परत पहिल्यापासून. पुढच्या सीटवर एअरबॅग आहे, तिथे उलट्या तोंडाची सीट कधीच नाही. मागे मध्ये बसवता आली तर उत्तम, पण मध्ये नीट घट्ट बसत नसेल तर कडेला घट्ट बसलेली बरी. मॅन्युअल दोन्ही घेऊन जा, गाडीचंसुद्धा. ते बहुतेक लोक विसरतात.

आईला जरूर ने. आमच्याकडे येणाऱ्या आज्या सगळ्यात आधी शिकतात, कारण त्या फोनकडे बघत नाहीत. भाषेचं काही नाही, बाहुली सीटमध्ये ठेवून पट्टे लावायचे असतात, ते बघून येतं. फक्त तिला म्हणावं, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घाल, वाकून आत जायचंय.