मदत हवी आहे: सत्तरच्या पुढं पिकअपचं स्टिअरिंग हादरतंय

नमस्कार मंडळी. आमची पिकअप बेळगाव-निपाणी भाजी वाहते. पुढं सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा), पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). हायवेला ७०-८० च्या वेगात पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं की स्टिअरिंग असं हादरतं की हातात राहत नाही. वेग पार उतरवल्याशिवाय थांबतच नाही. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं, पुढचे टायर मागं टाकून बघितले. फरक शून्य. गॅरेजवाले म्हणतात, स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदला. अहो, त्यानं हादरा नुसता दबणार, जे ढिलं झालंय ते ढिलंच राहणार ना? जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर प्ले (ढिलेपणा) लागतो. किंग पिन (ज्याभोवती चाक वळतं ती पिन) की चाकाचं बेअरिंग, कसं ओळखायचं? की टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) आधी बघू? संकेश्वर-खानापूरकडं पुढच्या अ‍ॅक्सलचं काम जाणणारा मिस्त्री असेल तर सांगा. तोवर गाडी हायवेला काढत नाही.